हलका ॲम्प घ्या, पण वजन कशातून उतरवले ते पाहून

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेहून सुट्टीवर येणाऱ्या भावाला किंवा भाचीला ‘येताना एखादा चांगला ॲम्प घेऊन ये’ (ॲम्प म्हणजे वाद्याचा आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर) असे सांगणाऱ्या गिटारवादकापुढे पहिला प्रश्न वजनाचा असतो. विमानात चेक-इनच्या एका बॅगेला साधारण २३ किलोची मर्यादा. स्टील गिटारवाल्यांनी (गिटार आडवी ठेवून वाजवणाऱ्यांनी) वर्षानुवर्षे वापरलेला फेंडरचा ट्विन रिव्हर्ब हा व्हॉल्व्हचा ॲम्प २९ किलोंच्या आसपास भरतो. मग ‘हलका’ एवढा एकच निकष धरून खरेदी होते आणि पहिल्याच कार्यक्रमात जाड तारा छेडल्या की आवाज दबतो, नाहीतर फाटतो. हलके ॲम्प वाईट नसतात. उलट गेल्या काही वर्षांत स्टील गिटारला त्यांचा मोठा फायदा झाला आहे. मात्र वजन नेमके कशातून उतरवले आहे, हे कळल्याशिवाय पैसे मोजू नयेत, एवढ्यासाठी हे पत्र.

स्टील गिटारचा पेडलवाला प्रकार, म्हणजे पेडल स्टील, हे अमेरिकेतल्या नॅशव्हिलचे वाद्य. हवाईयन गिटारप्रमाणेच ते आडवे ठेवून, तारांवर धातूचा बार सरकवून वाजवतात. फरक असा, की पायाच्या पेडलने आणि गुडघ्याच्या लिव्हरने वाजत असलेल्या तारेचा सूर ओढता येतो. १९५४ मध्ये वेब पिअर्सच्या गाण्यात बड आयझॅक्स यांनी वाजवलेली ती ओढ गाजली आणि कंट्री संगीताचा आवाजच बदलला. आपल्याकडे पेडलवाले वाद्य दुर्मीळ. पण मुंबईत व्हॅन शिप्ले आणि हजारासिंग यांनी लोकप्रिय केलेली इलेक्ट्रिक हवाईयन गिटार वाजवणारे आहेत, आणि पुढचे बहुतेक सगळे तिलाही लागू पडते.

रॉक वाजवणाऱ्याला ॲम्प थोडा फाटलेला हवाच असतो. स्टीलवाल्याला तो मुळीच चालत नाही, कारण दोन-तीन तारा एकत्र वाजत असताना ॲम्प फाटला, की त्या सुरांच्या बेरजा-वजाबाक्यांतून मधेच एक बेसूर गुरगुर उमटते, आणि बार सरकला की तीही सरकते. त्यात पेडल स्टीलचा पिकअप (तारांची कंपने विजेत बदलणारा भाग) तगडा. त्याच्या गुंडाळीचा रोध साधारण १७ ते २० किलोओहम, तर स्ट्रॅटोकास्टरसारख्या गिटारचा ६ च्या आसपास. तिसरी गोष्ट व्हॉल्यूम पेडलची, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या वेगळ्या पेडलची. वादक तार छेडताना हे पेडल अर्धेच दाबून ठेवतो आणि सूर विरत जाईल तसा पाय पुढे दाबत आवाज तोलून धरतो. पेडलचा तो उरलेला अर्धा प्रवास ॲम्पला पेलता आला पाहिजे. हिशेब सोपा आहे. सरासरी आवाजाला ५ वॉट लागत असतील आणि छेडल्याक्षणी १० डेसिबलची उसळी आली, तर त्या क्षणी ५० वॉट लागतात. १५ डेसिबलची आली तर जवळपास १६० वॉट. म्हणून छोट्या सभागृहातही स्टीलवाले शंभर-दोनशे वॉटची भाषा करतात. त्यांना मोठा आवाज नको असतो, स्वच्छ आवाजाची शिल्लक हवी असते. या शिल्लकीलाच हेडरूम म्हणतात.

आता वजनाकडे. ॲम्पमध्ये ते मुख्यतः तीन ठिकाणी असते: लोखंडी ट्रान्सफॉर्मर, स्पीकरचे चुंबक आणि पेटीचे लाकूड. पहिले दोन बिनधास्त हलके करता येतात. स्विचिंग पॉवर सप्लाय वापरला की तीन-चार किलोंच्या ट्रान्सफॉर्मरची जागा काही ग्रॅमचा फेराइटचा ठोकळा घेतो. क्लास-डी प्रकारच्या ॲम्पमध्ये घेतलेल्या विजेतली ८५-९० टक्के स्पीकरकडे जाते, त्यामुळे उष्णता बाहेर टाकायला ॲल्युमिनियमचे जाड पंखही लागत नाहीत. फेराइट चुंबकाऐवजी निओडिमियम चुंबक असले की १५ इंची स्पीकर सात-आठ किलोंवरून तीन-चार किलोंवर येतो. या दोन्ही बदलांनी आवाजाचे काही बिघडत नाही. वजन जेव्हा वॉट कापून, स्पीकरचा व्यास कापून किंवा पेटी पातळ करून उतरवलेले असते, तेव्हा मात्र त्याची किंमत वादक मोजतो.

सगळ्यात जास्त फसगत वॉटच्या आकड्यात होते. डब्यावर ‘२०० वॉट’ छापलेले असते आणि शेजारी बारीक अक्षरात ‘४ ओहमवर’. त्याला ८ ओहमचा एकच स्पीकर जोडला, तर ट्रान्झिस्टर किंवा क्लास-डी ॲम्प साधारण १०० ते १२० वॉटच देतो. दोनशे हवे असतील तर ४ ओहमचा स्पीकर घ्या किंवा ८ ओहमचे दोन समांतर जोडा. उलट चूकही होते: ४ ओहम ही किमान मर्यादा असताना ८ ओहमचे तीन-चार स्पीकर समांतर लावले, की लोड २.७ किंवा २ ओहमवर उतरतो आणि ॲम्प कार्यक्रमाच्या मध्यावर स्वतःला बंद करून घेतो. यात दिलासा इतकाच, की २०० ऐवजी १०० वॉट मिळाल्याने फरक पडतो तो ३ डेसिबलचा. तेवढा फरक चांगला स्पीकर एकटा भरून काढतो. एक वॉटला एक मीटरवर १०० डेसिबल देणारा १२ इंची स्पीकर आणि ९३ डेसिबल देणारा छोटा बास कॅबिनेट यांत ७ डेसिबलचे, म्हणजे वॉटमध्ये पाचपट अंतर आहे. दुसऱ्यावर १०० वॉट ओतले तरी पहिल्यावरच्या २० वॉटएवढेच ऐकू येते. म्हणून हलका स्पीकर घेताना वजनाच्या आधी त्याचा सेन्सिटिव्हिटीचा आकडा वाचावा. ९८ च्या खाली असेल तर स्टीलसाठी सोडून द्यावा.

स्पीकरच्या व्यासाचे उत्तर ट्यूनिंगवर, म्हणजे तारा कोणत्या सुरांत लावल्या आहेत त्यावर, ठरते. नॅशव्हिलच्या ई-नाइन ट्यूनिंगमध्ये सर्वांत खालची दहावी तार १२३ हर्ट्झच्या आसपास वाजते. तिला १२ इंची स्पीकर पुरतो. सी-सिक्स्थ ट्यूनिंगमध्ये तीच दहावी तार ६५ हर्ट्झपर्यंत उतरते. या दोन ट्यूनिंगच्या दोन माना (तारांचे दोन संच) असलेले वाद्य असेल तर १५ इंची घ्यावा किंवा १२ इंची दोन. साडेसहा-आठ इंची स्पीकरचे देखणे, हातात धरून नेण्याजोगे ॲम्प सरावाला ठीक, पण खालच्या तारेचा गाभा त्यांतून येत नाही, नुसती तिची टकटक येते.

पेटीबद्दल थोडेसे, कारण आपल्याकडे ती सुताराकडून करून घेण्याची सोय आहे. ५० × ५० × २८ सेंटिमीटरच्या पेटीला साधारण एक चौरस मीटरहून किंचित जास्त प्लाय लागतो. १८ मिलिमीटरचा प्लाय धरला तर रिकामी पेटी बारा किलोंच्या पुढे जाते, १२ मिलिमीटरचा धरला तर आठ किलोंच्या जवळ राहते. चारही बाजू १२ च्या कराव्यात. पण स्पीकर ज्या फळीवर बसतो ती १८ चीच ठेवावी आणि मागून एक आडवी पट्टी द्यावी. ती फळी पातळ केली की एखादा ठरावीक सूर आला रे आला की पेटी खडखडते, आणि हा दोष स्पीकरचा समजून लोक चांगला स्पीकर बदलतात. मागची बाजू अर्धी उघडी ठेवली तर आणखी किलोभर वजन वाचते आणि आवाज खोलीत पसरतो. सी-सिक्स्थ वाजवणाऱ्याने मात्र ती बंदच ठेवावी.

तयार ॲम्पमध्ये फेंडरचा २०१९ मध्ये आलेला टोन मास्टर ट्विन रिव्हर्ब हे वरच्या हिशेबाचे चांगले उदाहरण आहे: डिजिटल, २०० वॉट, निओडिमियम चुंबकाचे १२ इंची दोन स्पीकर आणि वजन १५ किलो. व्हॉल्व्हच्या मूळ ट्विनच्या जवळपास निम्मे, आणि हेडरूमला हात लावलेला नाही. पीव्हीचा नॅशव्हिल ११२ खास स्टीलसाठी बनवलेला, ८० वॉट, एक १२ इंची स्पीकर, वजन वीस किलोंच्या आसपास. तो सर्वांत हलका नाही, पण त्याचे मिड कंट्रोल (मधल्या पट्टीतला आवाज कमी-जास्त करणारी खुंटी) स्टीलवाल्याच्या कामाचे आहे. क्यूएससी या ध्वनियंत्रणेच्या कंपनीचे संस्थापक पॅट क्विल्टर यांनी नंतर काढलेल्या क्विल्टर कंपनीचे क्लास-डी हेड, म्हणजे स्पीकर नसलेले सुटे ॲम्प, दोन किलोंच्या आसपास असतात. आमच्या मते बॅगेतून मागवायचे असेल तर असे हेडच मागवावे आणि पेटी-स्पीकर इथे जमवावेत. रोलंडचा जेसी-४० अत्यंत स्वच्छ वाजतो, वजन १५.८ किलो, पण ताकद २० अधिक २० वॉट आणि स्पीकर १० इंची. घरच्या मैफलीला, किंवा लाइन आउटमधून मिक्सरला देऊन, छान. ड्रमसेटशेजारी तो एकटा पुरणार नाही.

अमेरिकेतून मागवताना मागची पाटी वाचून घ्यायला सांगा. तिथे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. पाटीवर ‘१००–२४०’ असेल तर फक्त पिन बदलायची. ‘१२०’ एवढेच असेल तर ५०० व्हीएचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि तो पाच-सहा किलोंचा असल्यामुळे वाचवलेले वजन पुन्हा हातात येते. स्विचिंग सप्लाय आहे म्हणजे तो सगळ्या व्होल्टेजवर चालतोच, असे धरून चालू नये. काहींमध्ये आत जंपर बदलावा लागतो, काहींमध्ये ती सोयच नसते, आणि थेट २३० दिल्यावर ॲम्प जळाल्यानंतर वॉरंटीही उपयोगी पडत नाही. अर्थिंगही तपासा. सिंगल कॉइल पिकअप मुळात हम उचलतो. मांडवातल्या जनरेटरच्या बोर्डाला अर्थ नसेल तर महागडा ॲम्पही भुंग्यासारखा घुमेल. त्यावर उपाय म्हणून तिसरी पिन मोडणारे आहेत. कृपा करून ते करू नका, त्यात वादकाच्या जिवालाच धोका आहे.

मिडचा मुद्दा वर निसटता आला, तो पुरा करतो. स्टीलचा आवाज नाकातून आल्यासारखा वाटतो तो बहुधा ८०० हर्ट्झच्या आसपासच्या उंचवट्यामुळे. नॅशव्हिल ॲम्पवर शिफ्ट नावाच्या खुंटीने ही जागा निवडता येते आणि मिडने तेवढीच खाली दाबता येते. ज्या हलक्या ॲम्पला फक्त बास आणि ट्रेबल आहेत, त्यावर लोक ट्रेबल उतरवून नाकातला सूर घालवू पाहतात आणि आवाज बोदा होतो. त्याला बाहेरून पॅरामेट्रिक इक्वलायझरचे (हवी ती पट्टी निवडून दाबता येणारे) छोटे पेडल जोडावे; ते अर्ध्या किलोचेही नसते.

ॲम्पऐवजी सरळ १२ इंची पॉवर्ड पीए स्पीकर (सभागृहातला, आतच ॲम्प असलेला) वापरण्याकडेही कल वाढतो आहे. तो वाईट नाही, पण त्याच्या लाइन इनपुटचा रोध १० ते ५० किलोओहम असतो. व्हॉल्यूम पेडल त्यात थेट खोचले की ट्रेबल मरतो आणि पेडलची चालही बिघडते. मध्ये १ मेगाओहम इनपुटचा प्रीॲम्प किंवा बफर हवाच. शिवाय गिटारचा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वर आपोआप उतरत जातो. पीएचा हॉर्न तसा उतरत नाही, त्यामुळे बार घासल्याची सगळी सळसळ श्रोत्यांपर्यंत जाते. प्रीॲम्पवर ५ किलोहर्ट्झच्या वरचे कापून टाकावे.

दुकानात तपासायला जाताना स्वतःचे वाद्य, बार आणि व्हॉल्यूम पेडल न्या. दुकानातल्या साध्या गिटारवर काहीच कळत नाही. बास सहावर, ट्रेबल पाचवर ठेवा. पेडल तीन चतुर्थांश दाबून सहावी, आठवी आणि दहावी तार एकत्र जोरात छेडा. आवाज क्षणभर आत ओढला जाऊन मग वर आला, तर लिमिटर (मर्यादेबाहेर गेलेला आवाज दाबणारा भाग) काम करतो आहे, म्हणजे शिल्लक संपली. मग तिसरी तार पंधराव्या पट्टीवर छेडून सूर विरेपर्यंत पेडल हळूहळू पूर्ण दाबा. शेवटच्या टप्प्यात पंख्याची घरघर किंवा खरखर सुरापेक्षा मोठी वाटली तर तो ॲम्प शांत चालीच्या गाण्यांना कामाचा नाही. हे सगळे ऐकताना कुणाला तरी चार-पाच मीटर समोर उभे करा. स्टीलवाला बसून वाजवतो, ॲम्प बहुधा त्याच्या मागे जमिनीवर असतो, त्यामुळे तीव्र स्वर त्याच्या कानाखालून निघून जातात आणि तो ट्रेबल नको तेवढा चढवतो. ॲम्प खुर्चीवर ठेवला किंवा मागे कलता ठेवला तरी पुष्कळ सुधारणा होते.

निओडिमियमला उष्णता सोसत नाही. साध्या प्रतीचे चुंबक ८० अंशांच्या पुढे कायमची ताकद गमावू लागते. विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत असा ॲम्प ठेवून त्यावर लगेच पूर्ण जोराने वाजवू नये, आधी सावलीत निवू द्यावा. दुरुस्तीचेही आधीच विचारून ठेवावे. जुना ट्रान्झिस्टर ॲम्प लॅमिंग्टन रोडवरचा चांगला कारागीर सुटे भाग बदलून चालू करतो. क्लास-डीचा बोर्ड मात्र बहुतेक वेळा अख्खाच बदलावा लागतो, आणि तो परदेशातून यायला वेळ लागतो. ज्यांचे कार्यक्रम सलग असतात, त्यांनी हेड आणि पेटी वेगवेगळेच घ्यावेत, म्हणजे हेड बिघडले तरी पेटी दुसऱ्याच्या हेडवर चालते.

आपल्या वृत्तपत्रात वाद्ये आणि ध्वनियंत्रणेविषयी मजकूर किंवा जाहिरात छापताना वॉटच्या आकड्याशेजारी तो किती ओहमवरचा आणि यंत्र किती व्होल्टचे, हे दोन आकडे छापण्याचा आग्रह धरावा, ही विनंती. जागा अर्ध्या ओळीची लागेल.

आपला नम्र,
एक वाचक, पुणे