गणिताचा पडदा मुलांच्या हाती द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वर्गात डिजिटल फळा बसला की गणिताचे शिक्षण आधुनिक झाले, असा समज पक्का होत चालला आहे. मी गणित शिकवतो आणि दृश्य साधनांचा कट्टर समर्थक आहे. म्हणूनच हा समज मला खटकतो. त्या फळ्यावर बहुतेक वेळा होते काय, तर तयार ॲनिमेशन लावले जाते. रंगीत त्रिकोण गरगर फिरतात, चौरस उडत येऊन बरोबर जागेवर बसतात, मागे संगीत वाजते. मुले खूश होतात आणि तास संपतो. दुसऱ्या दिवशी त्याच प्रमेयाची आकृती जरा तिरकी काढून विचारा, अर्धा वर्ग गप्प. मुलांनी गणित पाहिलेले असते, हाताळलेले नसते.

शिरोलंबांचेच, म्हणजे त्रिकोणाच्या शिरोबिंदूतून समोरच्या बाजूवर टाकलेल्या लंबांचेच घ्या. वहीत आपण एकच त्रिकोण काढतो, तोही सवयीने लघुकोन आणि पाया आडवा. तिन्ही शिरोलंब आतल्या एका बिंदूत मिळतात आणि मुलाच्या डोक्यात बसते की हा संपातबिंदू त्रिकोणाच्या आतच असतो. आता तोच त्रिकोण जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये काढायला लावा आणि एक शिरोबिंदू बोटाने सरकवायला सांगा. तिथला कोन मोठा होऊ लागला की संपातबिंदू त्या शिरोबिंदूकडे सरकतो. बरोबर काटकोन झाला की शिरोबिंदूवरच येऊन बसतो, आणि कोन त्यापुढे गेला की थेट बाहेर. "सर, बाहेर पडला!" असे कुणीतरी ओरडतेच. मग तो मुलगा बोट मागेपुढे करत राहतो, नेमका कुठे बाहेर पडतो ते पकडायला बघतो. विशालकोन त्रिकोणात शिरोलंब टाकायला बाजू वाढवावी का लागते, हे त्याला आता वेगळे सांगावे लागत नाही. थोड्या वेळाने एखादी मुलगी विचारते, मध्यगांचा (शिरोबिंदू समोरच्या बाजूच्या मध्याला जोडणाऱ्या रेषांचा) संपातबिंदू कितीही ओढाताण केली तरी आतच कसा राहतो? हा प्रश्न पुस्तकात छापलेला नसतो. तो मुलांकडून यावा यासाठी तर हा खटाटोप.

बीजगणितातही हेच. वर्गसमीकरणाला वास्तव मुळे (उत्तरे) किती हे सांगणाऱ्या विवेचकाचे तीन नियम मुले पाठ करतात: शून्यापेक्षा मोठा, शून्य, शून्यापेक्षा लहान. य = क्ष² − ४क्ष + म असा आलेख काढून म साठी एक स्लायडर, म्हणजे किंमत बदलणारी सरकपट्टी द्या. म ३ असताना वक्र क्ष-अक्षाला १ आणि ३ या ठिकाणी छेदतो. म वाढवत नेला की ते दोन छेदनबिंदू एकमेकांकडे सरकतात, म ४ झाला की २ वर एकत्र येतात, आणि त्यापुढे वक्र अक्षाला सोडून वर जातो. 'वास्तव मुळे नाहीत' या कोरड्या वाक्याचा अर्थ तेव्हा डोळ्यांपुढे असतो.

मात्र स्लायडर हलवण्याआधी काय होईल याचा अंदाज वहीत लिहायचा, हा दंडक हवाच. नाहीतर तेही नुसते खेळणे होते. अंदाज चुकला की मूल थांबते आणि विचार करू लागते. गणितज्ञ सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा तयार केली, तिची ताकद हीच होती. पडद्यावरच्या कासवाला 'पुढे जा, वळ' अशा आज्ञा द्यायच्या आणि ते चालेल तशी रेघ उमटणार. समभुज त्रिकोण काढायचा म्हणून मूल ६० अंश वळायला सांगते आणि आकृती भलतीकडेच जाते. वळायचे असते १२० अंश, म्हणजे बाह्यकोनातून. हे त्याचे त्याला सापडले की बहुभुजाकृतीच्या बाह्यकोनांची बेरीज ३६० का, हे समजायला फारसे काही उरत नाही.

डोळ्यांवर सगळा भार टाकू नये, हेही तितक्याच ठामपणे सांगतो. ८ बाय ८ चा चौरस विशिष्ट रीतीने कापून दोन काटकोन त्रिकोण आणि दोन समलंब चौकोन केले, तर तेच चार तुकडे जुळवून ५ बाय १३ चा आयत झालेला दिसतो. क्षेत्रफळ ६४ होते, ते ६५ झाले! पडद्यावर चित्र अगदी चपखल दिसते. पण त्रिकोणाच्या कर्णाचा चढ (तिरकेपणाचे माप) ३/८ आणि समलंब चौकोनाच्या तिरक्या बाजूचा २/५. दोन्ही एका रेषेत येतच नाहीत. मध्ये एक अतिशय बारीक फट राहते आणि तिचे क्षेत्रफळ बरोबर १. चढ काढल्याशिवाय ही फट पकडता येत नाही. त्रिकोणाच्या कोनांची पडद्यावर दिसणारी मापे मिळवली तर कधीकधी बेरीज १८०.०१ येते, कारण मापे दोन दशांश स्थळांपर्यंतच दाखवलेली असतात. अशा वेळी मुलाला सिद्धतेची गरज पटते. नुसते सांगून ती पटवता येत नाही.

खर्चाची सबब मला पटत नाही. २००१ मध्ये मार्कुस होहेनवार्टर यांनी सुरू केलेले जिओजेब्रा वर्गातल्या वापरासाठी मोफत आहे आणि मोबाइलवर चालते. तिघाचौघांत एक फोन असला तरी भागते; उलट भांडत, वाद घालत मुले अधिक शिकतात. खरी अडचण शिक्षकांच्या तयारीची आहे. प्रशिक्षणात बटणे कोणती दाबायची ते शिकवतात, कोणता प्रश्न कधी विचारायचा ते कुणी शिकवत नाही. आणि ज्या मुलांना दिसत नाही, त्यांच्यासाठी बोटांना जाणवणाऱ्या उठावाच्या आकृत्या याच खर्चात धरल्या पाहिजेत. तो विषय नेहमी शेवटी येतो आणि राहून जातो.

पाठ्यपुस्तक मंडळींनी भूमिती आणि आलेखांच्या प्रत्येक प्रकरणात 'अंदाज लिहा, हलवून बघा, सिद्ध करा' अशा धर्तीचा निदान एक उपक्रम घालावा आणि परीक्षेतही त्यावर प्रश्न विचारावा. गुण नसतील तर वर्गात त्याला वेळ मिळत नाही, हे आपण सगळे जाणतो.

आपल्यालाही एक विनंती. शब्दकोड्याला आपण जागा देताच. आठवड्यातून एकदा गणिताची एक हलती आकृती क्यूआर कोडसह छापा. वाचकाने फोनवर उघडून बिंदू सरकवायचा आणि सोबतच्या प्रश्नाचे उत्तर कळवायचे. आकृत्या आणि प्रश्न तयार करून द्यायला मी विनामोबदला तयार आहे.

आपला,
एक गणित शिक्षक