मॅक्रो लावण्याआधी फंक्शनचं नाव बदल

विश्रामबाग, सांगली

प्रिय संज्या,

तुझ्या अडत दुकानाच्या पायथॉन प्रोग्राममध्ये बिल( या फंक्शनला देतोस तो दर शेवटच्या जागेवरून पहिल्या जागी आणायचाय आणि बिल( तर फाइलभर पसरलंय. हाताने बदलत बसू नकोस. विम या एडिटरमध्ये हे दोन टप्प्यांत उरकतं: सरळ ओळींना रेजेक्स (शोधून बदलायचा नमुना), गुंतलेल्यांना मॅक्रो (रेकॉर्ड करून पुन्हा चालवायच्या कळा). कळांची नावं मराठीत लिहितोय, दाबायच्या अर्थात रोमनच.

तू लिहिलेला पॅटर्न [^,]* वर, म्हणजे ‘स्वल्पविराम सोडून काहीही’ यावर, उभा आहे. तो या ओळीवर चालवून बघ:

बिल("हळद", वजन(पोती, तूट), दर)

आतला स्वल्पविराम त्याला बाहेरचाच वाटतो आणि हाती येतं हे:

बिल(तूट, "हळद", वजन(पोती), दर)

कंस जुळलेले! त्यामुळे पायथॉन फाइल वाचताना कुरकुरणारच नाही. ओरडेल ते ती ओळ प्रत्यक्ष चालेल तेव्हा, म्हणजे ऐन सौद्याच्या गर्दीत. म्हणून कंस दिसला की रेजेक्सने हातच लावू नये असं कर:

बिल(\([^,()]*\), \([^,()]*\), \([^,()]*\))

बदल्यात:

पट्टी(\3, \1, \2)

"हळद, राजापुरी" असा स्वल्पविराम असलेला मालही यातून आपोआप सुटतो, तो मॅक्रोच्या वाट्याला. शब्दासाठीचा बॅकस्लॅश-डब्ल्यू मात्र वापरू नकोस, विममध्ये तो देवनागरी ओळखत नाही. आधी बदलाच्या कमांडच्या शेवटी जीएन लावून नुसतं मोज, मग जी लावून बदल. डेफची, म्हणजे फंक्शन जिथे लिहिलंय ती ओळही यात बदलते, ते बरंच आहे; फक्त तिथे दर=0 असं डिफॉल्ट (दर दिला नाही तर धरायचा आकडा) असेल तर काढ. डिफॉल्टवाला पुढे आणि बिनडिफॉल्टचे मागे, हे पायथॉनला चालत नाही.

नाव मुद्दाम बदललंय. तेच ठेवलं तर मॅक्रो आधीच बदललेल्या ओळींवरही फिरेल आणि दराच्या पुढे वजन येऊन बसेल. ‘नवंबिल’ही नको, त्याच्या पोटात बिल( सापडतंच.

आता मॅक्रो. मराठी कीबोर्ड चालू असताना नॉर्मल मोडच्या (म्हणजे हुकमाच्या) कळा लागत नाहीत, म्हणून ‘पट्टी’ हा शब्द आधीच बी रजिस्टरमध्ये (विमच्या एका कप्प्यात) यँक, म्हणजे कॉपी, करून ठेव, बिल( चा शोधही एकदा लावून ठेव, आणि कीबोर्ड इंग्रजीवर आण. मग क्यू-ए दाबून रेकॉर्डिंग: एन (पुढचं बिल), सी-टी-(, कंट्रोल-आर बी, एस्केप (जुनं नाव जाऊन पट्टी आलं). मग %, म्हणजे थेट जोडीच्या बंद कंसावर. मधे कितीही कंस असोत, हा मोजून जातो. कॅपिटल एफ आणि स्वल्पविराम (मागच्या स्वल्पविरामावर), 2 एक्स (तो आणि स्पेस पुसायला), डी-टी-). इथे दर कापला गेला. पुन्हा %, पी, ए, स्वल्पविराम, एक स्पेस, एस्केप, क्यू.

मग खुशाल 100@ए, म्हणजे मॅक्रो शंभर वेळा. बिल( संपले की शोध फसतो आणि मॅक्रो तिथेच थांबतो, आकडा जास्त दिला म्हणून बिघडत नाही.

अडेल ते दोन ठिकाणी. कॉल (फंक्शनचा वापर) दोन-तीन ओळींवर पसरलेला असेल आणि शेवटच्या ओळीत एकटा दरच असेल तर कॅपिटल एफला त्या ओळीत स्वल्पविराम सापडत नाही. नाव बदललेलं, दर जागेवरच, आणि कर्सर बंद कंसावर उभा. तो एक हाताने पुरा कर आणि मॅक्रो पुन्हा सोड. दुसरं वाईट, कारण तिथे मॅक्रो थांबत नाही: दराच्या जागी दर(आज) असं काही असेल तर डी-टी-) पहिल्याच बंद कंसाशी थबकतो आणि अर्धाच तुकडा उचलतो. म्हणून बिल( चा शोध लावण्याआधीच )) शोधून तेवढे कॉल वेगळे काढ. आणि हो, हे सगळं आत्ताची फाइल गिटमध्ये कमिट करून (म्हणजे जुनी प्रत जपून) मगच.

कराडला काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
बाळ्या