वहीवाल्या मावशींना

प्रिय मावशी,

प्रभूमध्ये सलाम.

तुम्ही मोबाइलला हात लावत नाही, म्हणून हे पत्र तुमच्या नातवाने वाचून दाखवायचं ठरलंय. तुमचं कौतुक आलं की तुम्ही त्याला थांबवाल. त्याला सांगून ठेवलंय, थांबायचं नाही.

मी नगर जिल्ह्यातला. मगरपट्ट्यात रात्रपाळी, नाना पेठेत खोली. आईचा फोन आला तरच रविवारी उपासनेला जायचो, तेही मागच्या बाकावर. आईला कर्करोग निघाला आणि उपचारांसाठी तिला पुण्यात आणलं, त्या आठवड्यात तुम्ही दाराशी मला गाठलंत. आईचं नाव विचारलंत, पिशवीतून शंभर पानी वही काढून लिहून घेतलंत. एवढंच. पुढच्या रविवारी म्हणालात, "सोमवारी केमो होती ना? जेवली का नंतर?" एवढ्या मोठ्या शहरात माझा सोमवार कुणाच्या तरी लक्षात होता.

मग तुमच्या दोन खोल्यांतली पहाटे पाचची प्रार्थना. मला वाटलं, चार म्हाताऱ्या असतील. तिथे रात्रपाळी संपवून आलेली मल्याळी सिस्टर, खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झालेले तमिळ अंकल, नागालँडची हॉस्टेलवरची मुलगी. सगळे एकदम, आपापल्या भाषेत, मोठ्याने. पहिल्या दिवशी मला ती मंडई वाटली. खालच्या मजल्यावरच्या चाची प्रार्थनेला येत नाहीत, पण चहा त्यांच्याकडूनच येतो, आणि त्यांच्या मुलाचं नाव वहीत आहे.

आणि तुमची ती बसच्या मार्गाने प्रार्थना करायची रीत! स्वारगेट, पद्मावती, बालाजीनगर, कात्रज. प्रत्येक थांब्यावरची माहितीची माणसं नावानिशी. "कंडक्टरला शांती दे प्रभू, सुट्ट्यांवरून आज भांडण नको." मला हसू आवरेना. तुम्ही डोळे मिटूनच माझ्या गुडघ्यावर चापट मारलीत.

तेव्हा मला मैदानावरच्या संजीवन सभांचं फार आकर्षण होतं. स्टेज, कीबोर्ड, बाहेरगावचे वक्ते. पुण्यात उज्जीवन, म्हणजे श्रद्धेची मोठी जागृती, कधी येणार, असं मी तुम्हाला विचारलं, तर तुम्ही उत्तर न देता मला दौंडच्या गाडीत बसवून केडगावला नेलंत. यवत गेल्यावर बोलायला लागलात. जानेवारी 1905 मध्ये पंडिता रमाबाईंनी इथल्या मुक्ती मिशनमध्ये, निराधार बायका-मुलींसाठी काढलेल्या आपल्या आश्रमात, विचारलं, रोज माझ्याबरोबर प्रार्थनेला कोण बसेल? 70 जणी उभ्या राहिल्या. वाढत वाढत 550 झाल्या, दिवसातून दोनदा बसायच्या. त्यांच्यातल्या कितीतरी दुष्काळातून वाचलेल्या पोरी. जूनच्या अखेरीस तिथे जे झालं, ते रडणं, पापांची कबुली, तासन्‌तास चाललेली प्रार्थना, त्याची बातमी परदेशापर्यंत गेली. "लोकांना जून पाहिजे," तुम्ही म्हणालात, "जानेवारीला बसायला कुणी तयार नाही." आणि डबा उघडून मला थालीपीठ दिलंत.

आई गेली. ती बरी होईल असं तुम्ही मला एकदाही सांगितलं नव्हतं. बाकी पुष्कळांनी सांगितलं होतं, काहींनी तर देवाच्या नावाने. त्यांची तोंडं बघवत नव्हती, म्हणून माझी उपासनाही सुटली असती. तुम्ही दफनविधीनंतर घरी आलात, खिचडी टाकलीत, अप्पांजवळ मुकाट बसलात. निघताना वही काढलीत. आईचं नाव खोडलं नाहीत. त्याच्याखाली अप्पांचं लिहिलंत.

या सगळ्याबद्दल आभार मानायचे राहिले होते, मावशी.

तुम्ही वाटून दिलेला हडपसरचा मार्ग चालू आहे. पुलगेट, फातिमानगर, वैदूवाडी, मगरपट्टा, गाडीतळ. फातिमानगरला थोडं अडतं. माझं डिपॉझिट बुडवलेला जुना घरमालक तिथे राहतो. त्याचं नाव घेतो, पण प्रार्थना फार छोटी होते.

तुमचा,
मागच्या बाकावरचा