व्यक्तिमत्त्व चाचण्यांचा दावा तपासा

संपादक महोदय,

दहावीचा निकाल लागला की व्यक्तिमत्त्व चाचण्यांच्या जाहिरातींना ऊत येतो आणि ‘INTJ’सारख्या, स्वभावाचा प्रकार सांगणाऱ्या चार अक्षरांच्या शिक्क्यावरून मुलाची शाखा ठरवणारे पालकही भेटतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेऊन प्रत्येकाला ‘तुमचे व्यक्तिमत्त्व’ म्हणून एकच मजकूर, तोही बराचसा फलज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला, वाटला होता. त्याच्या अचूकतेला विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. (राशिभविष्याचे सदर आवडीने का वाचले जाते, हेही त्यातून कळावे.)

निर्णयप्रक्रियेचे संशोधक शेन फ्रेडरिक यांची २००५ मधील तीन प्रश्नांची चाचणी मात्र असे कुणालाही पटेल असे वर्णन हाती देत नाही. तिच्यातला एक प्रश्न रुपयांत मांडायचा तर, बॅट आणि चेंडू मिळून ११० रुपयांना आहेत आणि बॅट चेंडूपेक्षा १०० रुपयांनी महाग आहे, तर चेंडू कितीचा? ‘दहा’ हे उत्तर चटकन ओठांवर येते. बरोबर उत्तर पाच. पहिल्या सुचलेल्या उत्तरावर थांबून आपण ते पडताळतो का, एवढेच ती विचारते.

महिन्याभराने तीच व्यक्तिमत्त्व चाचणी पुन्हा दिल्यास तोच निष्कर्ष कितपत निघतो, याची आकडेवारी शुल्क घेणाऱ्या संस्थांनी अहवालातच छापावी, असा आग्रह पालकांनी धरावा.

– एक पालक, पुणे