६६७ चीच दुसरी पट्टी घ्यायला लावणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

प्रोसेसरच्या एफएसबीचा (प्रोसेसरपर्यंत माल नेणाऱ्या वाटेचा) १३३३ आणि रॅमच्या पट्टीवरचा ६६७ हे आकडे एकमेकांच्या बरोबरीचे आहेत, हे तुम्ही मला २००८ साली जळगावात तुमच्या दुकानात उभ्याउभ्या समजावून दिलंत. त्या हिशेबावर माझं काम पुढे कितीतरी वर्षं चाललं. तेव्हा मी आभार मानले होते, पण ते घाईघाईत. लग्नसराई होती आणि गिऱ्हाईक घरी येऊन बसलेलं होतं. आता सगळ्यांसमोर आणि सविस्तर मानतो, म्हणजे तुम्ही नेमकं काय केलंत ते इतरांनाही कळेल.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगतो. मी लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग करतो. त्या काळात मिनीडीव्ही कॅसेट असायच्या. कॅमेरा फायरवायरच्या केबलने जोडायचा आणि कॅसेट कॅप्चर करायची, म्हणजे मशीनमध्ये उतरवून घ्यायची. तासाभराच्या कॅसेटला १३ जीबीच्या आसपास जागा लागायची. मग कापाकापी, गाणी, नावं, आणि शेवटी डीव्हीडीसाठी एमपेग-२ मध्ये रेंडर, म्हणजे तयार फाइल बनवणं. हे शेवटचं काम प्रोसेसरचा जीव काढतं. माझ्याकडे होता इंटेलचा पेंटियम ड्युअल-कोर ई२१६०. २००७ मध्ये आलेला, कोअर २ ड्युओच्याच घराण्यातला, पण कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी, झटपट मेमरी) कमी करून १ एमबी ठेवलेला आणि वेग १.८ गिगाहर्ट्‌झ. मोठा प्रोसेसर घेण्याइतके पैसे नव्हते. हा मात्र ओव्हरक्लॉक करून, म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवून, ३ गिगाहर्ट्‌झपर्यंत नेता येतो, हे तेव्हा या क्षेत्रातला जो तो सांगायचा.

घोडं अडलं ते रॅमपाशी. एका दुकानात मला ठाम सांगितलं गेलं होतं, की एफएसबी १३३३ वर न्यायची तर ६६७ ची रॅम टिकणार नाही, ती काढून टाका आणि १०६६ ची जोडी घ्या. भाव ऐकून छातीत धस्स झालं. तशी जोडी तुमच्याकडे स्वस्तात मिळते का, एवढंच विचारायला मी तुमच्याकडे आलो होतो. तुम्ही मागवून दिली असती तर दोन पैसे सुटले असते. त्याऐवजी तुम्ही विचारलंत, "भाऊ, आत्ता मशीनमध्ये काय आहे?" मी म्हटलं, १ जीबीची एकच पट्टी, ६६७ ची. तुम्ही बिलबुकाचा एक कागद उलटा करून पेन्सिल घेतलीत.

तो हिशेब मी आजही तसाच्या तसा मांडू शकतो. या प्रोसेसरचा मूळ ठोका (क्लॉक) २०० मेगाहर्ट्‌झ आणि गुणक ९, म्हणून १८००. गुणक वर सरकत नाही, कंपनीने तो बंद केलेला आहे. वेग वाढवायचा तर ठोकाच वाढवावा लागतो: ३३३ गुणिले ९, झाले ३०००. एफएसबी एका ठोक्यात चारदा माल नेते, म्हणून ३३३ ला लोक १३३३ म्हणतात. डीडीआर२ रॅम एका ठोक्यात दोनदा नेते, म्हणून त्याच ३३३ ला तिच्यावर ६६७ लिहितात. "ठोका दोघांचा एकच आहे. दुकानदार नुसती वरची पाटी वाचतोय," तुम्ही म्हणालात.

मग तुम्ही माझ्याकडून पट्टी मागून घेतलीत. सीपीयू, म्हणजे मशीनची अख्खी पेटी, मी रिक्षातून सोबतच आणला होता. पट्टीवरच्या स्टिकरवर बारीक अक्षरांत छापलं होतं: पीसी२-५३००. तुम्ही त्यावर पेन्सिलचं टोक टेकवलंत. ही पट्टी सेकंदाला ५३०० मेगाबाइट देऊ शकते. १३३३ ची एफएसबी एका वेळी ८ बाइट नेते, म्हणजे १०,६०० च्या वर थोडी. कागदावर दोन्ही आकडे शेजारी लिहून तुम्ही गप्प राहिलात. अर्धं पडत होतं, ते माझं मलाच दिसलं. अशीच दुसरी पट्टी घेऊन ड्युअल चॅनलमध्ये, म्हणजे दोन्ही एकाच वेळी माल देतील अशी, लावली की ५३०० दुणे १०,६००. मापाला माप. १०६६ ची जोडी घेतली असती तर रॅमने वरचा माल आणला असता, पण तो प्रोसेसरपर्यंत न्यायला एफएसबीवर वाटच नव्हती.

ओढ्याला पाणी कितीही आलं तरी मोरीतून मावेल तेवढंच जातं, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मला वेगळं सांगावं लागलं नाही. तरीही तुम्ही खोटी बाजू मांडली नाहीत. वेगवान रॅमचा काहीच उपयोग नाही असं तुम्ही म्हणाला नाहीत. कॅश लहान असलेला प्रोसेसर रॅमकडे जास्त फेऱ्या मारतो, म्हणून रॅमला उत्तर द्यायला किती वेळ लागतो याचा फरक पडतो, असं तुम्ही सांगितलंत. त्यावरचा उपायही फुकटातला होता: ३३३ वर लेटन्सी, म्हणजे उत्तर यायला लागणारे ठोके, ५ ठेवली तर १५ नॅनोसेकंद, ४ वर चालली तर १२. ४०० मेगाहर्ट्‌झची, म्हणजे ८०० ची रॅम ५ वर चालवली तर साडेबारा. म्हणजे महाग पट्टीने जे मिळणार होतं ते आहे त्या पट्टीतूनही निघण्याची शक्यता होती. निघेलच अशी हमी तुम्ही दिली नाहीत. "लावून बघू, नाही मानवलं तर ५ वर परत," एवढंच.

बायॉसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, तुम्ही जे केलंत ते मी खुर्चीमागे उभा राहून बघत होतो. ठोक्याला हात लावण्याआधी तुम्ही एफएसबीच्या ठोक्याचं रॅमच्या ठोक्याशी असलेलं गुणोत्तर ऑटोवरून काढून १:१ केलंत. माझ्यासारख्या पुष्कळांची मशीनं इथेच बंद पडतात, असं तुम्ही म्हणालात. समजा कुणी ८०० ची रॅम लावली. २०० च्या ठोक्यावर तिचं गुणोत्तर १:२ असतं. ते तसंच ठेवून ठोका २६६ केला की रॅम १०६६ वर पळायला लागते आणि ३३३ केला तर १३३३ वर. पडदा काळा होतो, माणूस म्हणतो प्रोसेसर कुचकामी निघाला, आणि प्रोसेसर बिचारा धडधाकट असतो. माझा फायरवायर कार्ड पीसीआयच्या खाचेत होता, म्हणून पीसीआयचा ठोका ३३ वर आणि पीसीआय एक्सप्रेसचा १०० वर बांधलेला आहे ना, हेही तुम्ही बघून घेतलंत. कॅप्चर करताना फ्रेम गळल्या असत्या तर मी दोष कॅसेटलाच दिला असता.

पण मला सगळ्यात जास्त शिकवून गेली ती तुमची पुढची चाल. ठोका ३३३ केलात आणि गुणक ९ वरून खाली ६ वर आणलात. मला वाटलं, वेग वाढवायला आलो आणि ताई कमी का करताहेत? ३३३ गुणिले ६ म्हणजे २०००. प्रोसेसरला हा वेग किरकोळ. म्हणजे आता काही बिघडलं तर ते रॅमचं किंवा बोर्डाचं, प्रोसेसरचं नाही. त्या अवस्थेत मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावून मशीन रात्रभर दुकानात ठेवून घेतलंत. एकही चूक दिसता कामा नये, एक दिसली तरी लेटन्सी ५ वर, असं ठरलं. सकाळी पडदा स्वच्छ होता. मगच गुणक ९ आणि प्रोसेसरच्या व्होल्टेजची एकेक पायरी वर. रॅमचं व्होल्टेज मात्र नेमाचं १.८ च ठेवलंत. तिला तिच्या हक्काच्या वेगावरच ठेवलंय, मग जादा व्होल्टेज कशाला, हे तुमचं म्हणणं. नंतर प्राइम९५, म्हणजे मशीनला सतत गणितं घालून ताण देणारा प्रोग्रॅम: आधी लहान एफएफटी ही चाचणी, जी कॅशमध्येच फिरते आणि फक्त प्रोसेसरला तापवते, मग ब्लेंड, जी रॅमलाही कामाला लावते. कोणता भाग कच्चा आहे ते असं वेगळं काढायचं असतं, हे मला तोवर कुणीही सांगितलं नव्हतं.

एवढी खबरदारी कशासाठी, तेही तुम्हीच बोलून दाखवलंत. रॅम थोडीशी चुकली तर मशीन बंद पडेलच असं नाही. चालत राहतं, आणि रेंडरमध्ये कुठेतरी एखादी चौकट फुटते, आवाज तुटतो. गेम खेळणाऱ्याचं त्याने फारसं बिघडत नाही. "तुमच्याकडे लोकांच्या सप्तपदी आहेत भाऊ. ती मुलगी परत सात पावलं चालणार आहे का?" हे वाक्य मी विसरलेलो नाही. माझ्या कामाला इतकं मोलाचं मानणारी व्यक्ती मला तोवर भेटली नव्हती, माझ्या घरातसुद्धा.

आणि मग उन्हाळा. जळगावचा मे महिना काय असतो ते नव्याने सांगायला नको. पारा ४३-४४ ला टेकतो, त्यात लोडशेडिंग, त्यात खोलीवर पत्रा. तुम्ही बजावलंत, की रात्रीची परीक्षा खरी नाही, दुपारी दोनला चालवून बघा. सीपीयू आडवा करून तुम्ही बोर्डाच्या मागच्या बाजूने बॅटरी मारलीत. इंटेलच्या पंख्याला चार पुश-पिना असतात. पांढऱ्या फाटीतून काळं टोक पूर्ण बाहेर आलेलं असेल तरच पिन बसलेली समजायची. तीन टोकं दिसत होती, चौथं आत होतं. पंखा काढून, जुनी पेस्ट पुसून, नवी लावून, समोरासमोरच्या पिना जोडीने दाबून तुम्ही तो पुन्हा बसवलात. तापमान तिथेच उतरलं.

तरीही उन्हाळ्यासाठी तुम्ही मला वेगळा आकडा लिहून दिलात: ठोका ३००, वेग २.७. रॅम १:१ वर असल्यामुळे तिला वेगळं सांभाळावं लागलं नाही, ती आपोआप ६०० वर उतरली आणि ४ च्या लेटन्सीवर निवांत चालली. मृगाचा पाऊस पडला की पुन्हा ३३३. ज्या रेंडरला आधी पाच तास लागायचे ते पावसाळ्यात आणि हिवाळ्यात तीन तासांच्या आसपास येऊन पोचलं. लोडशेडिंगच्या वेळापत्रकात तीन तास सलग वीज मिळायची, पाच मिळायची नाही. माझ्या दृष्टीने ओव्हरक्लॉकिंगचा सगळा अर्थ या दोन तासांत होता.

मशीन परत न्यायला आलो तेव्हा तुम्ही सेलेरॉन ३०० ए चा किस्सा सांगितला होतात, आठवतं का? १९९८ चा प्रोसेसर, ६६ चा ठोका, साडेचारचा गुणक. ठोका १०० केला की ३०० चा ४५० व्हायचा. तेव्हा रॅम एफएसबीच्याच ठोक्यावर चालायची, म्हणून लोकांना जुनी ६६ ची रॅम बाजूला ठेवून पीसी१०० घ्यावी लागायची. तिथे नवी रॅम घेणं खरंच गरजेचं होतं, इथे नाही, असं तुम्ही म्हणालात. दोन्हीकडे प्रश्न एकच विचारायचा: ठोका किती आणि रॅम त्याला पुरते का? हे ऐकून मला फार बरं वाटलं होतं, कारण त्यामुळे तुमचा सल्ला एका मशीनपुरता राहिला नाही.

त्याचा पुरावा गेल्या काही वर्षांतला. माझ्या भाच्याने एएमडीचा रायझन ३ ३१०० घेतला आणि ४४०० ची चकचकीत डीडीआर४ जोडी घ्यायच्या विचारात होता. काळ बदललाय, त्या प्रोसेसरचा गुणक उघडा आहे, वेग वाढवायला रॅमला हात लावावा लागत नाही. पण आत इन्फिनिटी फॅब्रिक, म्हणजे प्रोसेसरच्या आतले भाग जोडणारी वाट, आहे, आणि रॅमचा खरा ठोका व फॅब्रिकचा ठोका १:१ असला तरच मजा. ३६०० ची रॅम म्हणजे १८०० चा ठोका, तिथपर्यंत फॅब्रिक सहसा साथ देतो. ४४०० ला २२०० लागतात, ते त्याला झेपत नाही. मग रॅमचा कंट्रोलर निम्म्या ठोक्यावर उतरतो आणि उत्तर यायला उलट जास्त वेळ लागतो. मी त्याला कागद घेऊन बसवलं. त्याने ३६०० ची दोन पट्ट्यांची जोडी घेतली, उरलेल्या पैशांत एसएसडी घेतली, आणि रात्रभर मेमटेस्ट लावलं. कुणी शिकवलं असं त्याने विचारलं, तेव्हा मी तुमचं सगळं सांगितलं.

तुम्ही दुकान आवरून मुलीकडे राहायला गेलात असं कळलं. त्या वेळी तुम्ही माझ्याकडून एका ६६७ च्या पट्टीचे आणि पेस्टचे पैसे घेतले होतेत. रात्रभराच्या चाचणीचे, दोन संध्याकाळी बसलात त्याचे, पंखा बसवल्याचे काही घेतलं नाहीत. विचारलं तेव्हा "पुढच्या वेळी बघू" म्हणालात. ते मी देणं लागतो. तुमच्या नातवंडांपैकी कुणाला मशीन जोडायचं असेल तर मला फक्त कळवा, मी येऊन जोडून देईन, चाचण्या संपेपर्यंत थांबेन. आणि तुमच्या मुलीच्या लग्नाच्या कॅसेट अजून तुमच्याजवळ असतील तर त्याही द्या. मिनीडीव्ही वाचणारा कॅमेरा मी चालू स्थितीत ठेवला आहे, फायरवायर कार्डही. टेप जुन्या झाल्या की हळूहळू खराब होतात, म्हणून जमेल तितक्या लवकर पाठवा.

मनापासून आभार, ताई.

आपला,
जळगावचा मिक्सिंगवाला भाऊ