टॉर्चच्या झोतात दिसलेली धूळ

आदरणीय मिस्त्रीकाका,

तुम्ही येऊन गेल्याला आठवडा झाला, आणि नीट आभार मानायचे राहिले ही बोच काही जात नाही. म्हणून हे पत्र.

दोन वर्षं मी घरातल्या एका खोलीत लाकूडकाम करते. धूळ खेचायचं यंत्र विकणाऱ्याने ‘आता चिंता सोडा’ म्हणून सांगितलं होतं. लेकीचा खोकला हटेना म्हणून त्याला फोन केला, तर म्हणाला, ‘लाकडाचं काम म्हटलं की भुसा उडणारच, ताई.’ दुसऱ्याने एक पंखा बसवला, पैसे घेतले, पुन्हा फिरकला नाही.

तुम्ही यंत्राकडे पाहिलंतसुद्धा नाही. मला पाच मिनिटं लाकूड घासायचं मशीन, सँडर, चालवायला लावलंत, मग दिवा घालवलात आणि टॉर्च आडवा धरलात. फरशी लख्ख होती, पण त्या झोतात पीठ चाळल्यासारखी धूळ तरंगत होती. तुम्ही काहीच बोलला नाहीत. स्टूल ओढून शेजारी बसलात, चांगला अर्धा तास. धूळ काही खाली बसली नाही. मग हळूच म्हणालात, ‘पायाखाली येतो तो भुसा घाण करतो, बाळा. घात करतो तो हा.’

यंत्राची कापडी पिशवी जाड भुसा धरायची आणि बारीक धूळ माझ्याच तोंडावर परत फेकायची, हे मला दोन वर्षं कुणी सांगितलं नाही. लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच प्रसिद्ध केलंय. विकणाऱ्याने निदान ‘मास्क घाला’ एवढं तरी सांगायचं!

हवा गोल फिरवून जाड भुसा आधीच खाली पाडणारी सायक्लोनची बादली, अगदी बारीक धूळ अडवणारा हेपा फिल्टर, आखूड पाइप, झाडूऐवजी ओलं फडकं, सगळं तुम्ही सांगितलंत तसं केलंय. मशीन थांबलं तरी मास्क लगेच काढत नाही.

पण मला आठवतो तो अर्धा तासच. हुशार माणसं पुष्कळ भेटतात. तुमच्यासारखं, समोरच्याला अडाणी न ठरवता त्याच्या शेजारी गप्प बसून राहणारं माणूस मला तरी पहिल्यांदाच भेटलं. त्या वेळाचे पैसे विचारले तेव्हा तुम्ही फक्त हात हलवलात.

काल काम संपल्यावर लेकीने टॉर्च धरला. झोतात दोन-चार कण, बस. ‘मिस्त्रीआजोबांना कळव,’ म्हणाली. कळवतेय.

तुमची,
ताई