छोट्या हॉलमधला जुना बँड

बेळगाव

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

आपल्या जुन्या बँडचा कार्यक्रम तू टिळकवाडीतल्या छोट्या हॉलमध्ये ठरवलास, फार चांगलं केलंस. गणपतीचे मंडप आणि लग्नाची लॉन गाजवलेली ही माणसं शंभर जणांसमोर, चार भिंतींत सोल (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं भावभरलं संगीत) वाजवणार, हे व्हायलाच हवं होतं. पण मंडपातली जोरात वाजवायची सवय हॉलमध्ये गाणं बुडवते. तिथला आवाज मिक्सरवर नाही, स्टेजवरच ठरतो.

आधी पट्टीचं बघ. गायकाचा आवाज आता खाली आलाय, म्हणून पांढरी चारमधली (F) गाणी उतरवावीच लागतील. गिटारवाला पांढरी तीन (E) मागेल, कारण ती त्याच्या हाताखालची. तिथे थांबू नकोस. ट्रंपेट आणि टेनर सॅक्सोफोन दोन्ही काळी पाचची (B फ्लॅट) वाद्यं, त्यांना लिहिताना दोन अर्धे सूर वर लिहावं लागतं (टेनरला त्याहून आणखी एक सप्तक वर). पांढरी तीनचं गाणं त्यांना काळी तीनमधून (F शार्प), म्हणजे सहा शार्प (अर्धा सूर चढवलेले स्वर) सांभाळत वाजवावं लागतं, आणि जलद तुकड्यांत बोटं अडकतात. आणखी अर्धा सूर उतरून काळी दोन (E फ्लॅट) धर. त्यांना ती पांढरी चार पडते, एकच फ्लॅट (अर्धा सूर उतरवलेला स्वर). गिटारवाल्याने गिटारच्या पहिल्या पडद्यावर (फ्रेटवर) कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावून पांढरी दोनचे कॉर्ड धरले की त्याचंही काम झालं. गायकाला हवा तो खालचा सूरही मिळतो.

वाऱ्याची वाद्यं दोनच ठेव. मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओच्या कितीतरी रेकॉर्डवर वेन जॅक्सनची ट्रंपेट आणि अँड्र्यू लव्हचा टेनर, एवढ्या दोघांनी केवढं काम केलंय! (तो स्टुडिओही एका जुन्या सिनेमा थिएटरात होता.) आपले वादक लग्नाच्या बँडमधले, फुंकीत दम आहे. त्यांना माईक देऊच नकोस. भोंगा प्रेक्षकांवर न रोखता थोडा बाजूला, स्टेजच्या पडद्याकडे करून उभे राहू देत. गायकाची ओळ संपते तिथेच त्यांनी उत्तर द्यायचं, ओळीच्या अंगावर यायचं नाही. सूर मात्र दहा मिनिटं फुंकून वाद्य गरम झाल्यावरच जुळवायचा. हॉल भरला, हवा तापली की पितळ वर चढतं आणि कीबोर्ड जागेवरच राहतो. मग ट्रंपेटची ट्यूनिंग स्लाइड (सूर जुळवायची सरकती नळी) जराशी बाहेर ओढायची. मध्यंतरानंतर हे हमखास राहून जातं.

ड्रमवाल्याशी नीट बोल. चार मात्रांतला दोन आणि चारचा ठोका हा या संगीताचा प्राण, पण तो जागेवर पडावा लागतो, जोरात नव्हे. पातळ काड्या, स्नेअरच्या (कडक आवाजाच्या छोट्या ड्रमच्या) कडेला घडी केलेला रुमाल चिकटपट्टीने, बास ड्रममध्ये उशी. एवढ्या हॉलात ड्रमला माईक लागत नाही. बासचा अँप कोपऱ्यात ठेवला की खर्ज फुगतो आणि सगळं घुमतं, त्याला कोपऱ्यातून आणि भिंतीपासून पुढे ओढ.

मोठ्या स्पीकरमधून फक्त गाणं आणि थोडा कीबोर्ड जाऊ दे. स्पीकर माईकच्या पुढे, स्टँडवर, बसलेल्यांच्या डोक्यांवरून जातील एवढे उंच हवेत. गायकाचा माईक कार्डिऑइड (मुख्यतः समोरचंच ऐकणारा) असेल तर मॉनिटर, म्हणजे गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, माईकच्या अगदी पाठीमागे ठेव, कारण तिथून माईक सर्वांत कमी ऐकतो. गायक माईकच्या जाळीवर मूठ आवळतात, त्याने हा गुण जातो आणि शिट्टी (स्पीकरचा आवाज माईकमध्ये परत शिरून होणारी) सुरू होते. त्यांना दांडा धरायला सांग, मान राखून, पण सांगच. माईकवर 100 हर्ट्झखालचं कापून टाक. शिट्टी तरीही आली तर आधी मॉनिटर उतरव, मग इक्वलायझरला (खर्ज-टीप कमीजास्त करणाऱ्या बटणांना) हात लाव.

फरशी आणि समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाज परतवतात. स्टेजवर जमखाना अंथर, मागे जाड पडदा सोड. रिकाम्या हॉलात घुमलं म्हणून सगळं कापत बसू नकोस, माणसं बसली की बरंच शोषलं जातं. ट्रेबल (वरचे, तीक्ष्ण सूर) तेव्हा थोडा वाढवावा लागतो.

साउंडची सगळी वायर एकाच बोर्डवरून घे, दिव्यांचे डिमर (उजेड कमीजास्त करणारे) वेगळ्यावर. गुरगुर आली म्हणून कोणी प्लगचा अर्थिंगचा पाय काढला तर तिथेच थांबव. गिटार आणि माईक एकाच वेळी हाताशी असतात, जीवावर बेतेल. गुरगुर घालवायला डीआय बॉक्सवरचा (वाद्य मिक्सरला जोडणाऱ्या डबीवरचा) ग्राउंड लिफ्ट, म्हणजे सिग्नलच्या वायरचं ग्राउंड तोडणारा खटका, वापरायचा. डिजिटल मिक्सर असेल तर त्याला यूपीएस हवाच. वीज क्षणभर गेली तरी तो पुन्हा सुरू होईपर्यंत स्पीकर मुके.

रात्री 10 नंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. बंद हॉलला त्यात सूट आहे, पण खिडक्या उघड्या ठेवून ती सूट मागू नये, आणि शेजाऱ्यांची झोपही आपलीच जबाबदारी. साडेसहाला सुरू करून साडेनऊला संपव.

गाण्यांचा क्रम लावताना ट्रंपेटची दोन भारी गाणी लागोपाठ नकोत. ओठ थकले की वरचा सूर फाटतो. मध्ये एक संथ गाणं टाक, ज्यात फक्त ऑर्गन आणि गायक. या वयात त्यांचा आवाज तिथेच सर्वांत सुंदर लागतो.

पट्ट्या पक्क्या झाल्या की यादी पाठव. ट्रंपेट आणि टेनरचे भाग लिहून देतो.

तुझाच,
मित्र